बिया बेर्दे : आठ महिने, अकरा पंक्चर

परवाच्या रविवारी स्पेनमधल्या खेरिका गावाच्या थोडं अलीकडे सायकलचं मागचं चाक बसलं. अकरावं पंक्चर. मार्चपासून मी ओखोस नेग्रोसच्या मार्गावर सायकल चालवतोय, महिन्यातले दोन-तीन शनिवार-रविवार. त्याबद्दल लिहायचं सप्टेंबरातच ठरवलं होतं. तेव्हाचा मसुदा फोनमध्ये अजून पडून आहे आणि त्याची पहिली ओळ अशी : 'पाचपैकी दोन तारे, तेही फक्त उताराला.' आता दोनवर थांबणार नाही. पण तो राग कशाचा होता ते आधी सांगतो, कारण तो पुरता गेलेला नाही.

बिया बेर्दे म्हणजे बंद पडलेल्या रेल्वेचे रूळ काढून केलेले सायकलचे आणि चालण्याचे रस्ते. लिहिताना व्ही आणि बोलताना ब; मी पहिले दोन महिने 'व्हिया व्हेर्दे' म्हणत होतो आणि ऑफिसातली मंडळी सभ्यपणे ऐकून घेत होती. १९९३ पासून देशभर असे रस्ते करताहेत आणि आज ते तीन हजार किलोमीटरच्या वर आहेत. मी व्हॅलेन्सियात राहतो, म्हणून माझ्या वाट्याला त्यातला सगळ्यात लांब आला : तेरुएल प्रांतातून सागुन्तोच्या बाजूला उतरणारा, साधारण १६० किलोमीटरचा. ओखोस नेग्रोस म्हणजे काळे डोळे. खाणीच्या गावाचं नाव आहे, मुलीचं नाही.

या लाईनची जन्मकथा मला फार आवडते. सिएर्रा मेनेरा डोंगरातलं लोहखनिज सागुन्तोच्या बंदरात न्यायचं होतं. त्याच बाजूने दुसऱ्या कंपनीची रेल्वे होतीच, पण वाहतुकीच्या दरावरून दोघांचं जमेना. मग खाणवाल्यांनी तिला जवळजवळ खेटून दोनशे किलोमीटरची स्वतःची लाईन टाकली. १९०७ पासून तिच्यावरून खनिज जायला लागलं. १९७२ मध्ये तेच खनिज शेवटी शेजारणीच्या रुळांवर गेलं आणि ही बंद. बांधावरून अबोला धरून एकाच शेतात दोन विहिरी पाडणारे चुलत भाऊ आमच्या सोलापूरकडेही आहेत. पण दोनशे किलोमीटर!

त्या हट्टाचा फायदा आज माझ्यासारख्याला होतो. मालगाडीला चढ झेपत नाही, म्हणून डोंगर आला की भुयार आणि ओढा आला की पूल. सायकल सेकंडहँड, १४० युरोंची, गिअर नीट बदलत नाहीत, आणि तरी मी एकदाही उतरून सायकल ढकललेली नाही. तेरुएल नऊशे मीटरच्या आसपास आहे. तिथून एस्कान्दोनच्या खिंडीपर्यंत बाराशेच्या वर चढायचं आणि मग जवळजवळ समुद्रापर्यंत उतरत यायचं. सारियोनजवळ ट्रफल या जमिनीखाली वाढणाऱ्या बुरशीसाठी लावलेली ओकची झाडं, आल्बेन्तोसाचा उंच दगडी पूल, बाराकासच्या माळावर पवनचक्क्या, खाली खेरिकाचा मनोरा, नावाखासचा धबधबा. सुरुवात खालून करू नका. मी एकदा केली. वारा तोंडावर होता आणि बाराकास येईपर्यंत डब्यातली दशमीही संपली होती.

'रहदारीमुक्त' म्हणतात ते बहुतांशी खरं आहे. शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर येतात, मध्ये रस्ते ओलांडावे लागतात, आणि बराच वेळ महामार्ग शेजारून धावतो, म्हणजे गाड्या अंगावर येत नाहीत पण कानावर येतात. रस्ता कुठे डांबरी, कुठे मुरमाचा. सायकल घेऊन वर जायचं तर रेल्वेगाडीत सायकलींना मोजक्याच जागा असतात. एकदा जागा भरल्या म्हणून मला फलाटावरच ठेवून गाडी गेली. त्यावर जास्त लिहीत नाही, रक्तदाब वाढतो.

आता काटे.

मार्च ते जून एकही पंक्चर नाही. जुलै-ऑगस्टमध्ये उन्हामुळे गेलोच नाही. सप्टेंबरच्या पहिल्या फेरीत सेगोर्बेच्या खाली एका दिवसात तीन. दुसऱ्या फेरीत दोन. ट्यूब सहा युरोला एक, म्हणजे सहाशे रुपये. दुकानं दोन ते पाच बंद आणि रविवारी दिवसभर बंद. एका दुकानदाराने मला आत द्रव भरलेल्या ट्यूब बारा युरोंना विकायला काढल्या आणि वर 'सगळे हेच घेतात' म्हणाला. मी सगळ्यांतला नाही. मी सोल्युशनची नळी आणि पॉलिश पेपर घेतला, जुनी ट्यूब कापून ठिगळं केली आणि सेगोर्बेच्या पन्नास तोंडांच्या कारंज्यावर ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत बसलो. त्या कारंज्याला स्पेनच्या पन्नास प्रांतांची पन्नास तोंडं आहेत, प्रत्येकावर त्या प्रांताचं चिन्ह. एक म्हातारे गृहस्थ पाठीमागे हात बांधून सगळा कार्यक्रम बघत होते. मी वर पाहिलं तेव्हा ते एकच शब्द बोलले : 'आब्रोखोस.'

टायरमधून काढलेला काटा मी घरी नेला आणि त्याचा फोटो आईला पाठवला. मला वाटलं होतं, परदेशातली काहीतरी जालीम वनस्पती दिसतेय. आईचा लगेच फोन. "अरे, सराटा आहे तो! लहानपणी अनवाणी हिंडायचास तेव्हा तुझ्या पायातून किती काढलेत मी." मी म्हटलं, आई, हा स्पेनमधला आहे. "मग काय झालं? गोखरूच तो. काष्ठौषधीवाल्याकडे पैसे देऊन आणावा लागतो. वाळवून ठेव, येताना घेऊन ये."

शोधून पाहिलं तर आब्रोखोस म्हणजे खरंच तीच वनस्पती, अगदी शास्त्रीय नावासकट. फळ तडकलं की त्याचे पाच तुकडे होतात, आणि कसाही पडला तरी प्रत्येक तुकड्याचा एखादा काटा वर असतोच. उन्हाळ्यात जमिनीलगत पसरायचं, पिवळी फुलं धरायची आणि उन्हाळा उतरताना फळं वाळवायची. म्हणजे वसंतात मी त्याच मार्गाला पाच तारे देत होतो ते त्याच्या फुरसतीच्या काळात.

हे कळल्यावर मसुद्यात मी आणखी जोरात लिहिलं : मार्गाच्या देखभालीला पैसा मिळतो, मग कडेचं गवत कोण काढणार? ते वाक्य आता मागे घेतो. ऑक्टोबरात एका शनिवारी मी मुद्दाम दर पंक्चर कुठे झालं ते नकाशावर मांडलं. एकही धावत्या सायकलला झालेलं नव्हतं. प्रत्येक वेळी थोडं आधी मी कुठेतरी थांबलो होतो : बदामाच्या सावलीत, फोटोला, पाणी प्यायला. आणि थांबलो की सायकल कडेच्या गवतात आडवी, कारण तिला स्टँड नाही. विकणाऱ्याने सोळा युरोंत लावून देतो म्हटलं होतं. मी म्हटलं, कशाला.

मे महिन्यात दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियातला सिएर्रा नावाचा बिया बेर्देही केला, ओल्बेरा ते पुएर्तो सेर्रानो, ३६ किलोमीटर आणि तीस भुयारं. त्या लाईनवर तर गाडी कधी धावलीच नाही. सगळं खोदून, बांधून झालं आणि रूळ पडलेच नाहीत. थाफ्रामागोनच्या सुळक्यावर गिधाडं इतकी की मोजणं सोडून दिलं. आपल्याकडे गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने ती मेलेली गुरं खाणारी गिधाडं कशी मारली ते माहीत असलेला माणूस तिथे जरा जास्तच वेळ उभा राहतो. गुरांच्या औषधात त्याच डायक्लोफेनॅकला या देशाने २०१३ मध्ये परवानगी दिली, हे मला परत आल्यावर वाचून कळलं आणि फोटो पुन्हा उघडून पाहावेसे वाटेनात. भुयारांसाठी दिवा मात्र न्याच. मी मोबाईलचा टॉर्च दातात धरून गेलो होतो, तसं करू नका. तिथे पंक्चर नाही झालं. मे होता.

तर तारे चार. अर्धा रेल्वेने खाल्ला, अर्धा महामार्गाच्या आवाजाने. काट्यांचा एकही कापत नाही, पण सप्टेंबर ते नोव्हेंबर जाणार असाल तर सायकल आडवी टाकू नका, चाक फिरवून टायरवरून बोट न लावता नजर फिरवा, आणि घुसलेला काटा सावली मिळेपर्यंत उपटू नका. आत आहे तोवर थोडी तरी हवा धरून ठेवतो. बाराकासच्या वर मला एकही काटा लागलेला नाही, तिथे हवी तशी लोळवा.

परवाचं अकरावं? हे सगळं कळल्यानंतरचं. खेरिकाचा मनोरा उन्हात असा दिसला की सायकल टाकली आणि फोन काढला. फोटो बरा आलाय. स्टँड त्या दुकानात आता अठरा युरोंना आहे, आणि अठरा युरोंत तीन ट्यूब येतात. आईसाठी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत सराटे साठवतोय, तळ झाकला गेलाय.