वय झाकायचं की मुलाखत बांधायची?

नोकरभरतीत वयामुळे कुणी डावललं जाऊ नये, यासाठी दोन उपाय आहेत: अर्जातलं वय झाकणं, किंवा आधीच प्रश्न आणि गुण ठरवून घेतलेली ‘ठरीव’ मुलाखत. आधी पहिला. नुसती जन्मतारीख खोडून वय झाकलं जात नाही. दहावीच्या वर्षातून सोळा वजा केले की झालं! म्हणून दहावी-बारावी-पदवीची सालं, फोटो, ईमेलमधला ‘७४’ आणि पहिल्या नोकरीची तारीख हे सगळं काढावं लागतं. हे काम निवड समितीबाहेरच्या माणसाने करायचं. आधार-पॅन नेमणूक ठरल्यावरच मागायचं. छाननीत पन्नाशीचे अर्ज बाजूला पडणं यामुळे थांबतं, पण उमेदवार समोर बसला की उपाय संपतो.

ठरीव मुलाखत तिथून पुढे उपयोगी पडते. ती कष्टाची आहे, पण आमच्या मते जास्त खात्रीची. जाहिरातीआधीच कामाला लागणारी पाच-सहा कौशल्यं लिहा. सर्वांना तेच प्रश्न, १ ते ५ गुण, आणि १, ३, ५ साठी उत्तर कसं असावं हेही आधीच लिहिलेलं. परीक्षकांनी चर्चेआधी वेगवेगळे गुण द्यावेत, नाहीतर साहेबांचा आकडा पाहून बाकीचे आपला बदलतात. घोळ होतो तो ‘टीममध्ये जमेल का?’ या रकान्यात. वय तिथूनच आत शिरतं. तो रकाना काढाच.

अमेरिकेचा १९६७ चा कायदा चाळिशी व त्यापुढच्यांना नोकरीतल्या वयाच्या भेदभावापासून संरक्षण देतो. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ आणि १६ मध्ये कशावरून भेदभाव करायचा नाही याची जी यादी आहे, तिच्यात मात्र वय नाही.

अर्ज शेकड्यांनी येत असतील तर दोन्ही उपाय करा. दहा-पंधराच असतील तर सगळ्यांना बोलावून थेट ठरीव मुलाखत घ्या. जाहिरातीत विनाकारण ‘कमाल वय ३५’ छापलं असेल, तर दोन्ही व्यर्थ.