टँकरवर जायचंय? तीन दिवसांचा क्लास आणि कंपनीचं ट्रेनिंग, दोन्हीत काय मिळतं

भाचा माझा गोव्यातल्या डिचोलीचा, इतकी वर्षं खनिजाचा टिपर मारला, आता वेर्ण्याला घातक मालाच्या टँकरवर काम मिळतंय तर विचारतो मामा क्लासला पैसे घालू की सरळ कंपनीत लागू, ते शिकवतातच म्हणे. त्याच्यासारखे अजून बरेच असतील म्हणून इथंच लिहितो.

क्लास चुकत नाही बाबांनो. घातक माल न्यायचा तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 9 प्रमाणे 3 दिवसांच्या कोर्सचं सर्टिफिकेट लागतंच, लायसनची मुदत 3 वर्षं, रिन्यू करताना परत 1 दिवस रिफ्रेशर. पण कोर्सची वाटणी बघा, पहिले दोन दिवस ड्रायव्हिंगचे, आणि मालाची ओळख, गळती, आग, फर्स्ट एड सगळं तिसऱ्या दिवशी कोंबलेलं. मी केला तेव्हा आग विझवायचा सिलिंडर टेबलावर ठेवलेला, पिन कोणी ओढलीच नाही, साडेतीनला चहा आणि सह्या.

कंपनीत जुन्या ड्रायव्हरसोबत बसवतात, व्हॉल्व्ह स्वतः बंद करायला लावतात, भरायच्या आधी अर्थिंगची क्लिप (ठिणगी पडू नये म्हणून लावतात ती) लावली नाही तर ओरडतात, हात बसतो. फक्त तिथं एकाच मालाचं कळतं. अमोनिया गळला तर वाफेवर पाण्याचा फवारा मारायचा हे पाठ झालं, पण उद्या तुम्हाला एलपीजीच्या गाडीवर टाकलं तर तो गॅस हवेपेक्षा जड, गटारात साचतो, हे कोण सांगणार? 1203 दिसलं की पेट्रोल, असे पाटीवरचे नंबर वाचायला क्लासातच शिकलो.

टिपरवाल्यांनी मात्र दोन्हीकडे एक विचाराच, अर्धा भरलेला टँकर कसा हाकायचा. खनिज बसल्या जागी बसतं, पातळ माल हिंदकळतो, अनमोड घाट उतरताना ब्रेक मारला की गाडी थांबायला बघते आणि माल मागून ढकलतो, माझे तर पहिल्या वेळी हात थरथरले होते. 2018 ला वास्कोजवळ चिखलीत अमोनियाचा टँकर उलटला तेव्हा लोकांना घरं सोडून पळावं लागलं, आठवत असेल.

तर भाच्याला म्हटलं आधी क्लास कर, पण पैसे भरायच्या आधी जाऊन बघ सिलिंडर हातात देतात का. आणि कंपनीत गेलास की पहिली केबिन उघड, ट्रेम कार्ड, म्हणजे माल कोणता आणि गळती-आग झाली तर काय करायचं ते लिहिलेलं कार्ड, तुला वाचता येईल अशा भाषेत आहे का बघ, आमच्या गाडीत ते इंग्रजीत होतं आणि सीटच्या कव्हरखाली सापडलं, तेही गाडी धुताना.