फोंडा घाटातली बांधकामची गँग : भाजीच्या गाडीतून दिसलेलं काम

सेवा : देवगड–निपाणी राज्यमार्गावरच्या फोंडा घाटाची बारमाही देखभाल. सेवा देणारे : सार्वजनिक बांधकाम विभागाची गँग, म्हणजे एक मुकादम, हाताखाली मोजके मैलकामगार (रस्ता राखणारे कामगार) आणि पावसाळ्यात जोडीला जेसीबी. माझे तारे : पाचपैकी साडेचार. जो अर्धा कापलाय तो गँगच्या खात्यावर धरू नका, तो कुणाचा ते पुढे येईल.

मी कोण, तर घाटाच्या पायथ्याला फोंड्यात भाजीचं दुकान चालवणारा माणूस. माल कोल्हापूरच्या मार्केट यार्डातून आणतो. संध्याकाळी पिकअप घेऊन वर चढायचं, राधानगरीवरून कोल्हापूर गाठायचं, पहाटेच्या सौद्याला उभं राहायचं आणि भरलेली गाडी घेऊन दाजीपूरवरून खाली उतरायचं. पावसाळ्यात कोकणात भाजी पिकते ती काकडी, पडवळ, दोडकी, भेंडी, परसातली. टोमॅटो, कोबी, फ्लॉवर, ढबू मिरची सगळी घाटावरूनच येणार. टोमॅटोच्या क्रेटमधला खालचा थर शाबूत पोचला की फुटला, यावर माझा दिवसाचा नफा ठरतो. म्हणून रस्त्याकडे मी पोटाच्या नजरेनं बघतो, आणि इतकी वर्षं बघून एक गोष्ट पक्की झालीय : घाटरस्ता टिकतो तो पाणी वळवणाऱ्यांच्या हातावर. डांबर ओतणारा नंतर येतो.

गँगचं खरं वर्ष मे महिन्यात सुरू होतं. तेव्हा चाकरमानी आंबे घेऊन परतायच्या घाईत असतात, आणि रस्त्याकडेला वाकलेली ही माणसं कुणाला दिसतही नाहीत. डोंगराच्या बाजूचं गटार वर्षभराच्या पाचोळ्यानं, मातीनं, दगडगोट्यांनी आणि वेफर्सच्या पाकिटांनी बुजलेलं असतं. ते टिकाव-फावड्यानं उकरायचं, घमेल्यानं माती उचलायची आणि लांब नेऊन टाकायची. शेजारीच ढीग लावला तर पहिल्या सरीत तो परत गटारात येतो. काही ठिकाणी भाड्याचा जेसीबी येतो आणि तासाभरात लांबच लांब चर मारून जातो, पण जेसीबीच्या बकेटला मोरीचं तोंड कळत नाही. मोरीत माणूसच लागतो. रस्त्याखालच्या नळात वाकून, सरपटत आत जायचं, अडकलेली फांदी कोयत्यानं तोडायची, गाळ मागे ओढायचा. आत काय असेल सांगता येत नाही. एकदा मी गाडीला पाणी घालायला थांबलो होतो तेव्हा मोरीतून आधी एक भलंमोठं घोणस बाहेर आलं आणि मागून हातात काठी धरलेला कामगार आला. बाकीच्यांनी सापाला खाली रानात जाऊ दिलं, एकानं तंबाखूची डबी पुढे केली, आणि काम पुन्हा सुरू झालं.

दुसरं काम साईडपट्टीचं. खड्डा कुणालाही दिसतो, साईडपट्टी कुणी बघत नाही. डांबराच्या कडेला गवत उगवतं, गवतात माती अडकते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत ती पट्टी डांबराहून उंच होऊन बसते. मग मधल्या उंचवट्यावरून कडेला आलेलं पाणी पुढे सरकत नाही, डांबराच्या काठावरच तुंबतं. तिथून ते खालच्या खडीत शिरतं, वर चाक आपटलं की दाबानं डांबर खडीपासून सुटतं, आणि जुलैत त्या जागी खड्डा पडलेला असतो. गँग मेमध्ये ही पट्टी फावड्यानं खरवडून परत उताराला आणते. अगदी कंटाळवाणं काम, उन्हातलं. पण ज्या तुकड्यावर पट्टी नीट खरवडली जाते तिथे खड्डे कमी पडतात, हे मी माझ्या क्रेटांवरून सांगतो.

वळणांचंही एक गणित आहे. गाडी बाहेर फेकली जाऊ नये म्हणून रस्ता वळणावर आतल्या अंगाला झुकवलेला असतो. त्यामुळे सगळं पाणीही आतल्या अंगाला धावतं. आत डोंगर असेल तर त्या गटाराला दुप्पट काम पडतं, आणि आत दरी असेल तर पाणी थेट काठ खायला घेतं. मुकादमाला अशी वळणं नंबरानं नाही, झाडांनी आणि देवांनी पाठ असतात. संरक्षक भिंतींना पाणी पाझरायला ठेवलेली भोकंही तो गजानं मोकळी करून घेतो. भोक बुजलं की भिंतीमागे पाणी साठतं आणि त्याचा दाब भिंतीला बाहेर ढकलतो. फुगलेली भिंत दुरुस्त करायला किती खर्च येतो ते मला माहीत नाही, पण गज फिरवायला एक माणूस आणि अर्धा दिवस लागतो, हे मी पाहिलेलं आहे.

मिरगाचा पाऊस लागला की गँग इरलं सोडून रेनकोटात आली, एवढाच काय तो काळाचा फरक. मोठा पाऊस चालू असतानाच ही माणसं घाट चालतात. उघडीप पडल्यावर पाणी कुठून रस्ता ओलांडून गेलं ते कळत नाही, ते पडत्या पावसातच बघावं लागतं. जिथे पाणी आडवं जाताना दिसलं तिथे लगेच पहारीनं वाट करायची, नाहीतर दगड आणि वाळूची पोती लावून त्याला गटाराकडे वळवायचं. डोंगर कुठे सरकणार याच्या खुणाही त्यांना कळतात : उतारावरून एरवी स्वच्छ येणारं पाणी अचानक लाल-गढूळ होणं, बारीक दगड टपटप गळायला लागणं, झाड कालच्यापेक्षा कललेलं असणं. मागे एका पहाटे मी भरल्या गाडीनं उतरत असताना समोर बॅटरी हलली. मुकादम रस्त्यात उभे. "वायच थांब रे, वरसून दगड येतत." मी म्हटलं, काका, दगड तर दिसत नाहीत. "दिसाक लागले काय तू खंय असशील?" एवढंच बोलून ते पुढच्या एसटीला थांबवायला गेले. थोड्या वेळानं माती आणि एक झाड खाली आलं. फार मोठी दरड नव्हती, पण पिकअपला पुरेशी होती. उजाडेपर्यंत कामगारांनी झाड कापून, एका बाजूनं माती ओढून एक गाडी जाईल एवढी वाट केली. जेसीबी नंतर आला.

2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैत कोल्हापूरच पाण्यात गेलं, पुणे–बेंगळुरू महामार्ग बंद पडला. तेव्हा घाट चालू असून उपयोग नव्हता, वर मालच नव्हता. ते सोडा.

पावसातल्या खड्ड्यांवर सगळ्यात जास्त शिव्या पडतात, म्हणून नीट सांगतो. भर पावसात गरम डांबराचं काम होत नाही. ओल्या खडीला डांबर चिकटतच नाही, मग कितीही चांगलं डांबर आणा. त्यामुळे जून ते सप्टेंबर गँगच्या हातात असतं ते खडी आणि मुरमाचं भरणं, फार तर थंड मिश्रणाची पोती. तेही दोन तऱ्हांनी करता येतं. पहिली तऱ्हा, खड्ड्यातल्या पाण्यावरच खडी ओतून पुढे जायचं. ती संध्याकाळपर्यंत चाकांनी उडून गेलेली असते आणि मोटारसायकलवाल्यांना जास्त घातक होते. दुसरी तऱ्हा आमच्या गँगची : पाणी उपसायचं, सुटलेला माल काढून टाकायचा, खड्ड्याच्या कडा उभ्या चौकोनी तोडायच्या, खाली मोठी खडी, वर बारीक, आणि प्रत्येक थरावर धुम्मस, म्हणजे ठोकून दाबायचं जड अवजार. उभी कड असली की भरलेला माल बाहेर घसरत नाही. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात हे काम बघावं. मुंबई-पुण्याच्या गाड्या यायच्या म्हणून सगळं जिल्हा प्रशासन घाईवर असतं, पाऊस तर थांबायचं नाव घेत नाही, आणि ही माणसं एका बाजूनं वाहनं सोडत दुसऱ्या बाजूनं खड्डे भरत असतात. घरात गणपती त्यांच्याही असतो. माटवीचं, म्हणजे गणपतीवर बांधायच्या सजावटीचं, सामान आणायला त्यांना वेळ कधी मिळतो, देव जाणे.

2024 च्या जानेवारीत शेजारचा करूळ घाट काँक्रिटीकरणासाठी बंद झाला आणि तिकडची अवजड वाहतूक आमच्या अंगावर आली. त्याआधी घाटात जेवढे ट्रक मी रात्रभरात बघायचो, तेवढे तासा-दोन तासांत दिसायला लागले. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक साहेब माझ्या दुकानात भाजी न्यायला येतात. त्यांनी सांगितलं, आसावरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, साधारण सोळापट होते. अमेरिकेत 1950 च्या दशकाअखेरीस मोठी चाचणी घेऊन काढलेलं हे प्रमाण आहे. म्हणजे माझ्या पिकअपनं जिथे रस्त्याला ओरखडाही पडत नाही, तिथे भरलेला दहाचाकी खोलवर दाब देऊन जातो. त्या काळात वळणांवर डांबर अक्षरशः लाटेसारखं सरकलेलं मी पाहिलं. गँगची माणसं मात्र तेवढीच होती. तरीही घाट वाहता राहिला, हे माझ्या साडेचार ताऱ्यांमागचं सगळ्यात मोठं कारण.

पाऊस ओसरला की रान कापायचं. ऑक्टोबरात गवत पुरुषभर वाढलेलं असतं आणि वळणावर समोरची गाडी दिसत नाही. दाजीपूरच्या अंगाला तर गवतातून गवा कधी बाहेर येईल याचा नेम नसतो, म्हणून तिकडे कापणी आधी होते. मग थंडीत डांबरीकरण. ते ठेकेदाराकडे असतं, गँग देखरेखीला आणि वाहनं थांबवायला. गरम मिश्रण टोपलंभर जरी थंड पडलं तरी ते नीट दबत नाही, म्हणून पेव्हरमागे (मिश्रण पसरणाऱ्या यंत्रामागे) रोलर चिकटून चालला पाहिजे. आमच्या घाटात सकाळी उशिरापर्यंत धुकं आणि दव असतं, रस्ता ओलसर असतो. चांगला ठेकेदार ऊन येईपर्यंत थांबतो. मी दोन्ही प्रकारचे पाहिले. एका ठेकेदारानं दवावरच कारपेट, म्हणजे डांबराचा वरचा थर, ओढलं होतं. पुढच्या पावसात ते पापुद्र्यांनी निघालं, आणि वर्षभर ती जागा भरत बसायचं काम गँगच्या नशिबी आलं. कागदावर ते कुणाच्या नावावर लागलं असेल कुणास ठाऊक, लोकांनी शिव्या मात्र समोर दिसणाऱ्या फावडेवाल्यांना दिल्या.

आता अर्ध्या ताऱ्याचं. एका केबल कंपनीनं घाटाखालच्या तुकड्यात साईडपट्टी लांबपर्यंत खोदली. केबल टाकली, वर माती लोटली, दाबली नाही. जूनमध्ये ती माती खचली, चर उघडा पडला आणि डांबराची कड त्यात कोसळली. समोरून आलेल्या बसला जागा देताना माझं मागचं चाक त्यात उतरलं, पाटे तुटले, आणि टोमॅटो गटारात गेले. चर बुजवला कुणी? कंपनीनं नाही. गँगनं जांभ्याचे तुकडे आणि मुरूम टाकून, धुम्मस मारून. खोदणाऱ्याकडून काम परत जसंच्या तसं करून घेण्याची साखळी कुठेतरी तुटलेली आहे, आणि अर्धा तारा तिथे अडलाय.

एक गोष्ट मला मनापासून खुपते. या गँगमधले जुने लोक कालेलकर तडजोडीवर लागलेले. 1967 च्या त्या तडजोडीनं रोजंदारीवर सलग पाच वर्षं काढलेल्या माणसाला कायमस्वरूपी पगाराची वाट मिळाली होती. ती पिढी निवृत्त होत चाललीय. घाट चालून चालून ज्यांनी प्रत्येक मोरीचं पोट ओळखलं, त्यांच्या जागी हंगामापुरते ठेक्यावरचे तरुण येतात. पोरं कामाला वाईट नाहीत, चांगली आहेत. पण दरवर्षी नवी. मिरगात एखाद्याला कळायला लागतं की अमक्या वळणावर पाणी कुठून उसळतं, आणि दिवाळीला त्याचा ठेका संपतो. ही माणसं बारा महिने ठेवा, निदान घाटांपुरती तरी. जेसीबी एका फोनवर येतो, अनुभव येत नाही.

या घाटातून जाणाऱ्यांना माझी विनंती आहे. पाण्याच्या बाटल्या आणि पाकिटं गटारात टाकू नका, ती मोरीच्या तोंडाशीच जाऊन बसतात. दरडीपाशी लाल फडकं घेऊन कुणी उभा असेल तर हॉर्न वाजवू नका, वरून दगड सुटल्याचा आवाज त्याला ऐकू आला पाहिजे. आणि खड्ड्याची तक्रार कराल तर फोटोसोबत जवळच्या हिरव्या डोक्याच्या किलोमीटर दगडावरचा आकडा लिहा. "घाटात वळणावर" असं लिहिलं तर गँगला अख्खा घाट शोधत फिरावं लागतं.