वर्कशॉपसाठी कोणता एआय: मोकळा चॅटबॉट की आपल्याच मॅन्युअलवर चालणारा?

एका सत्रात आम्ही वेल्डिंगच्या मुलांना मोकळा चॅटबॉट, म्हणजे कशावरही स्वतःच्या माहितीतून उत्तर देणारा, वापरू दिला, पुढच्या सत्रात गूगलच्या नोटबुकएलएमच्या धर्तीचा, म्हणजे आपण चढवलेल्या कागदांतूनच उत्तर देणारा सहायक. थेट वर्कशॉपमध्ये काय झालं ते सांगतो.

बोलायला चॅटबॉट केव्हाही सरस. इंग्रजी मॅन्युअलमधला रटाळ परिच्छेद तो सोप्या मराठीत सांगतो, मुलाखतीचा सराव घेतो, तोच प्रश्न पाचव्यांदा विचारला तरी वैतागत नाही. वर्गात हात वर न करणारी मुलं त्याच्याशी भडाभडा बोलतात. हे मला तरी जमलं नव्हतं.

माझं बिनसलं ते एका रॉडवरून. ७०१८ हा लो-हायड्रोजन वेल्डिंग रॉड, म्हणजे वेल्डमध्ये हायड्रोजन कमी सोडणारा. ओलावा धरला की वेल्डमध्ये हायड्रोजन शिरतो आणि तडे जातात, म्हणून पाकीट उघडल्यावर तो साधारण १२० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये ठेवतात. ६०१० या दुसऱ्या रॉडचं उलट. त्याच्या लेपात सेल्युलोज असतं आणि त्यात ३ ते ७ टक्के ओलावा लागतोच; भाजला की कामातून गेला. एका मुलाने ६०१०बद्दल विचारलं आणि चॅटबॉटने अगदी बरोबर सांगितलं, ओव्हनमध्ये ठेवू नका. मुलगा अडून बसला, ‘पण सर म्हणाले, रॉड गरम करूनच घ्यायचे.’ मी ते ७०१८बद्दल म्हणालो होतो. त्यावर लगेच उत्तर आलं: ‘क्षमस्व, तुमचं बरोबर आहे.’ वर तापमान आणि वेळही दिली! अर्धं पाकीट ओव्हनमध्ये गेलं. दुपारी आर्कमधला जोर गेलेला, पेनिट्रेशन नाही, म्हणजे वेल्ड धातूत खोल उतरत नाही, आणि मुलगा अँपिअर वाढवत बसलेला.

चुकीचं उत्तर एकवेळ चालतं, चुका मीही करतो. पण बरोबर उत्तर माहीत असून शिकाऊ मुलापुढे मान तुकवणारा मदतनीस वर्कशॉपमध्ये नको. हे फक्त आमच्याच वाट्याला आलं असंही नाही. आमचा चॅटबॉट वेगळा होता, पण ओपनएआयने एप्रिल २०२५मध्ये चॅटजीपीटीमागच्या जीपीटी-४ओ या मॉडेलचं एक अपडेट अशाच हांजी-हांजीपायी मागे घेतलं होतं.

दुसरा सहायक तसा रुक्ष. पण उत्तराशेजारी आकडा येतो, त्यावर बोट ठेवलं की मॅन्युअलमधला मूळ मजकूर उघडतो. मुलगा वाद घालू लागला की मी फक्त म्हणतो, ‘आकडा दाब.’ आणि जे कागदांत नाही, त्याला तो बहुतेक वेळा ‘या कागदांत याचं उत्तर नाही’ म्हणतो. मुलांना ते कंटाळवाणं वाटतं. मला त्याचंच कौतुक.

त्याच्या खोड्याही आहेत. जुनं मॅन्युअल चढवलंत, तर त्यातली जुनी चूकही तो इमानेइतबारे सांगणार. अर्थ लावण्यात तोही घसरतो, पण निदान कुठे घसरला ते दिसतं. फोटोवरून वेल्ड तपासायचा विचार असेल, तर दोघांनाही सोडा: अंडरकट, म्हणजे वेल्डच्या कडेला पडलेली खाच, कदाचित दिसेल; आतलं अपुरं फ्यूजन, म्हणजे धातू नीट एकजीव न होणं, फोटोत येतच नाही.

तुमचा ट्रेड निराळा असेल, मुलं थोडी मोठी आणि शंकेखोर असतील, तर चॅटबॉटही चालून जाईल. आमच्याकडे तो आता स्टाफरूममध्ये असतो, प्रश्नपत्रिकांचे कच्चे खर्डे करायला. मशीनजवळच्या टॅबवर दुसराच. तो घेणार असाल तर स्कॅन केलेली कोष्टकं तशीच चढवू नका; आमच्याकडे त्याने दोन ओळींतले आकडे एकमेकांत मिसळले होते. ती हाताने टाइप करावी लागतात. आमचे त्यात दोन रविवार गेले.