पणजीतल्या दुकानातला खपली गहू: दाणे घ्या, पीठ नको

पणजीच्या बाजारामागच्या गल्लीत एक सेंद्रिय मालाचं दुकान आहे. नाव लिहीत नाही. मालक माणूस वाईट नाही आणि मला तिथे अजून जायचंय. मार्चमधल्या एका शनिवारी गेले होते गुळासाठी, तर काउंटरवर हाताने लिहिलेला पुठ्ठा दिसला: 'खपली गहू. ग्लुटेन फ्री. डायबेटिसवर रामबाण.' सडलेले, म्हणजे टरफल काढलेले, दाणे दोन किलो घेतले, 160 रुपये किलोने, आणि एक किलो पीठ 180 चं. घरी सासऱ्यांनी पावती वाचली आणि चष्मा काढून टीपॉयवर ठेवला. आमच्या घरात तो निषेध समजतात.

मी डिचोलीला प्राथमिक शाळेत शिकवते. माहेर मिरज तालुक्यातलं. खपली विकत घेण्याची वेळ आयुष्यात पहिल्यांदा आली, कारण एरवी दादा चोर्ला घाटातून येताना गाडीच्या डिकीत पोतं टाकून आणतो. यंदा त्याचं येणं झालं नाही. आमच्याकडची बहुतेक रानं उसाने खाल्ली, पण आप्पांनी विहिरीलगतचे वीस गुंठे खपलीसाठी राखलेत. विकायला नाही, घरात खायला आणि लेकींना द्यायला.

ज्यांनी खपली फक्त पाकिटात बघितलीय त्यांच्यासाठी सांगते. लोकवन मळला की दाणा मोकळा होतो. खपलीचा होत नाही. मळल्यावर लोंबीचे तुकडे पडतात, आणि प्रत्येक तुकड्यात बहुतेक दोन दाणे, जाड टरफलात घट्ट बसलेले. ते टरफल म्हणजे खपला, त्यावरून नाव. तो काढायला गहू पुन्हा सडावा लागतो. आजीच्या वेळी पाण्याचा हबका मारून उखळात सडायचे, आता मशीनवर नेतात. म्हणून खपली महाग. सेंद्रिय असो नसो, हा जादाचा खटाटोप आणि खपल्याची घट भावात येणारच. तेव्हा 160 रुपयांबद्दल माझी तक्रार नाही. सासऱ्यांची आहे.

पेरणी दिवाळीच्या मागेपुढे, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. आमच्याकडे बी खपल्यासकटच पेरतात. सडलेल्या दाण्याचा अंकुर दुखावतो. आप्पा बाकी कशातही ढिलाई चालवून घेतील, पण पेरल्यापासून एकविसाव्या दिवसाचं पाणी चुकवत नाहीत. तेव्हा मुकुटमुळं, म्हणजे खोडाच्या बुडाशी येणारी मुळं, फुटतात, फुटवे त्यावर धरतात. त्या आठवड्यात मोटारीची लाईट रात्रीची असेल तर रात्री दोनला बॅटरी घेऊन बांधावर. पूर्वीची उंच खपली पाणी दिल्यावर वाऱ्याने लोळायची. आता धारवाडच्या कृषी विद्यापीठाची डीडीके 1029 ही बुटकी जात आहे, ती उभी राहते. तांबेरा रोगाला मात्र खपली पहिल्यापासूनच फारशी दाद देत नाही, त्यामुळे फवारणीचा खर्च नाही म्हटलं तरी चालेल.

कापणी पहाटे. दवाने लोंब्या जरा नरम असतात तोवर हात चालवायचा. उन्हं चढली की लोंबी तडकते आणि माल रानातच सांडतो. कुसळं इतकी टोकदार की बाहीतून आत शिरतात आणि दोन दिवस टोचत राहतात. मी कॉलेजात होते तेव्हा आप्पांचा जुना शर्ट घालून कापायला जायचे. हार्वेस्टर आमच्या वीस गुंठ्यांसाठी कोण आणणार?

गोव्यात हे का होत नाही, ते मी करून बघितलंय. दोन वर्षांपूर्वी परसात चार हातांचा वाफा केला, माहेरचं बी टाकलं. उगवलं छान. पण गव्हाला थंडी लागते, आणि डिचोलीची थंडी म्हणजे पहाटे पंखा एक नंबरवर. फुटवे धरायच्या आधीच रोपं घाईने निसवली (लोंब्या बाहेर टाकल्या), आणि दाणे भरले ते असे की चिमटीत धरले तर सुरकुत्या मोजाव्यात. उरलेलं शेजारच्या कोंबड्यांनी बघून घेतलं. इथल्या जांभ्या मातीत आणि दमट हवेत भात, नारळ, काजू. हिवाळ्यात वायंगण, म्हणजे दुसरं भात, नाहीतर अळसांदे, म्हणजे चवळी. पोदेर (पाववाला) रोज पोळ्या घेऊन येतो, पण त्यातला गहू घाटापलीकडचाच. (इथे पोळी म्हणजे पोदेराची. माझ्या तव्यावरची ती चपाती. हे कळायला लग्नानंतर महिना गेला होता.)

आता मालाबद्दल.

दाणे खरे आहेत. लांबट, तांबूस, दोन्ही टोकांना निमुळते, आणि दाताखाली कटकन वाजणारे. मूठभर ताटात पसरून निवडले: अर्धवट खपला राहिलेले सात-आठ, तुकडा बऱ्यापैकी, खडा एक. तुकडा सडताना होतो, त्यात गैर काही नाही. किडा नव्हता, आणि पाकीट दाबून हवा काढलेलं होतं. हे आमच्याकडे महत्त्वाचं. जूनमध्ये डब्याचं झाकण तासभर उघडं राहिलं तर जुलैत सोंडे चालायला लागतात. पावसाळ्याआधी घेणार असाल तर दोन उन्हं दाखवा, एरंडेलाचा हात फिरवा आणि मगच डब्यात भरा.

त्याच रात्री वाटीभर दाणे भिजत घातले. सकाळी कुकरला सात शिट्ट्या, मग गूळ, सुंठ, वेलची. मिरजेकडे या खिरीत सुकं खोबरं आणि खसखस. इथे मी नारळाचा रस घालते. दाणा फुलून दुप्पट झाला तरी आख्खा राहिला, चावताना रबरासारखा किंचित दाबला जाऊन मग फुटतो, तसाच फुटला. सासूबाई म्हणाल्या, मणगण्याची (इथली हरभरा डाळीची खीर) बहीणच ही. सासऱ्यांनी दोन वाट्या खाल्ल्या आणि चष्मा परत घातला.

पीठ मात्र पहिल्याच दिवशी खटकलं. खपलीचं पीठ हाताला जरा खसखशीत लागतं, पाणी जास्त पितं, आणि कणीक अर्धा तास झाकून ठेवली तरी ताणली की तुटते. चपाती लाटताना कडा चिरतात. हे पीठ मऊसूत, पांढरट. कणीक ओढली तर च्युइंगगमसारखी लांबत गेली. चपात्या सुरेख झाल्या, टम्म फुगल्या. तिथेच संशय आला.

मग उरलेले दाणे गिरणीत दळून आणले. गिरणवाल्याला आधी ज्वारी दळायला सांगितली, म्हणजे जात्यात दुसरा गहू राहायला नको. दोन्ही पिठांच्या लिंबाएवढ्या गोळ्या केल्या आणि वेगवेगळ्या पंच्यात धरून पाण्यात हलक्या हाताने चोळत राहिले. पांढरं पाणी निघून जातं, तो स्टार्च. पाणी स्वच्छ यायला लागलं की हातात जो चिकट, पिवळट लगदा उरतो तो ग्लुटेन. पाकिटातल्या पिठाचा गोळा उरला बोराएवढा, ताणला तर वीतभर. माझ्या खपलीचा लहान, लिबलिबीत, ताणला की तुटणारा. पण उरला! पुठ्ठ्यावरच्या 'फ्री'चा निकाल तिथेच लागला.

मला या शब्दाचा राग येण्याचं कारण आहे. आमच्या शाळेत एका मुलाला सिलिएक आहे. गव्हाचा कण पोटात गेला तरी त्याच्या आतड्याला इजा होते. त्याची आई डब्यात तांदळाची भाकरी देते, आणि वाढदिवसाचा केक वाटला जातो तेव्हा तो वही उघडून चित्र काढत बसतो. उद्या कोणीतरी प्रेमाने तिला सांगेल, खपली चालते, दुकानात लिहिलंय. नाही चालत. खपली हा गहूच आहे. त्यातला ग्लुटेन कमकुवत असतो, म्हणून कणीक तुटते, पण नसतो असं नाही. आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमाने ग्लुटेन फ्री लिहायचं तर किलोत 20 मिलिग्रॅमच्या आत हवा. इथे लिंबाएवढ्या गोळीतून लगदा निघतोय.

पुढच्या शनिवारी दोन्ही लगदे दोन डब्यांत घालून पणजीला गेले. डिचोली ते पणजी कदंब बसच्या गर्दीत डब्या मांडीवर. मालकाने झाकण उघडलं, वास घेतला, "हें कितें, टीचर?"

"तुमचं फ्री," मी म्हटलं.

तो हसला नाही, हे त्याच्या बाजूने लिहायला हवं. दोन्ही लगदे बोटाने ओढून बघितले, "इल्लें रावात" (जरा थांबा) म्हणून आत गेला आणि पिठाचं बिल घेऊन आला. दाणे तो बेळगावकडच्या एका शेतकऱ्याकडून थेट घेतो. पीठ तयार पाकिटात दुसऱ्याच कोणाकडून येतं, आणि त्यात काय आहे हे त्याने कधी बघितलेलं नव्हतं. भेसळ आहे असं मी छातीठोक सांगू शकत नाही. माझी प्रयोगशाळा म्हणजे पंचा आणि घमेलं. पण मी ते पीठ पुन्हा विकत घेणार नाही. त्याने पाकीट बदलून दाणे दिले, वरचा फरक मी मागितला नाही. तेव्हा दाण्यांसाठी जरूर जा, दळण आपल्या गिरणीत करा.

साखरेचं म्हणाल तर सासरे रोज सकाळी यंत्रावर तपासतात. खपलीच्या चपात्या खाल्ल्या त्या आठवड्यात आकडा थोडा खाली आला. पण त्या आठवड्यात ते तीनाऐवजी दोनच चपात्या खात होते, कारण त्यांच्या मते प्रत्येक चपाती दहा रुपयांची होती. खिरीच्या दुसऱ्या दिवशीचा आकडा त्यांनी कोणाला सांगितला नाही.

गेल्या आठवड्यात पुन्हा गेले. पुठ्ठा तोच आहे. 'ग्लुटेन फ्री'वर पांढरा कागद चिकटवलाय. 'डायबेटिसवर रामबाण' तसंच आहे. त्यासाठी डबीत काय घालून न्यावं, ते अजून सुचलेलं नाही.