टॅरोचा रायडर-वेट संच: निर्णय घेताना किती कामाचा?

वॉर्ड सोडून नर्सिंग कॉलेजात शिकवायला जायचं की नाही, हा प्रश्न डोक्यात घोळत होता तेव्हा मी हा टॅरोचा संच घेतला, म्हणजे ज्यांच्यावरून लोक भविष्य किंवा संकेत वाचतात ते चित्रांचे पत्ते. जो तो सांगत होता, ‘युनिव्हर्स साइन देतं, तू फक्त लक्ष ठेव.’ बरेच महिने वापरून मग लिहितेय. संच सुंदर आहे, घरात असावा असा आहे, पण त्याच्याकडे हो-नाहीचं उत्तर मागू नका.

आधी चित्रांबद्दल, कारण खरी किंमत तिथेच आहे. हा संच १९०९ साली लंडनमध्ये निघाला. त्यातली चित्रं पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची. संचाला नाव मात्र रायडर या प्रकाशकाचं आणि संचाची कल्पना मांडणाऱ्या आर्थर वेट यांचं पडलं. आता बरेच जण ‘रायडर-वेट-स्मिथ’ म्हणतात, आणि तसंच म्हणायला हवं. कार्डाच्या कोपऱ्यात नीट बघितलंत तर तिच्या आद्याक्षरांची वेलांटीदार सही सापडते. जुन्या बहुतेक संचांत मायनर कार्डांवर, म्हणजे पेले, तलवारी अशा गटांतल्या ‘लहान’ कार्डांवर, नुसते पाच पेले किंवा आठ तलवारी असायच्या. तिने जवळजवळ प्रत्येक कार्डावर माणसं आणली, प्रसंग आणला. म्हणून तर आपण त्यात स्वतःला शोधू शकतो.

विक्रीच्या वर्णनात ‘प्राचीन इजिप्तचं ज्ञान’ असं काही दिसलं तर तेवढं सोडून द्या. हे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळायला म्हणून निघाले. इजिप्तची कथा १७८१ साली एका फ्रेंच लेखकाने पुराव्याशिवाय मांडली आणि ती चिकटली ती चिकटलीच.

आता संकेतांचा मुद्दा. संचात ७८ कार्डं, त्यातली २२ मेजर अर्काना, म्हणजे मृत्यू, मनोरा, सूर्य वगैरे ‘मोठी’. तीन कार्डं काढली आणि त्यात एखादं मेजर आलं की अंगावर काटा येतो, वाटतं आज काहीतरी ठाम सांगितलं जातंय. गणित करून बघा. तीन कार्डांत किमान एक मेजर येण्याची शक्यता साधारण ६४ टक्के आहे. उलटी कार्डंही धरत असाल (डोकं खाली आलेल्या कार्डाचा वेगळा अर्थ लावतात) तर तिनांपैकी निदान एक उलटं येण्याची शक्यता आठात सात. आणि ‘तेच कार्ड परत परत येतंय’ हे जे सगळे सांगतात ना? रोज नीट पिसून एकच कार्ड काढलं तरी ११ दिवसांत कुठलं तरी कार्ड दुसऱ्यांदा निघण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे. त्यात ही कार्डं पावणेतीन बाय पावणेपाच इंचांची, लहान हातात मावत नाहीत, त्यामुळे नीट पिसली जात नाहीत आणि एकत्र असलेली कार्डं एकत्रच राहतात. मी ती टेबलावर पालथी पसरून दोन्ही हातांनी कालवते. सगळ्यांनी तसंच करावं.

सोबतच्या पुस्तिकेतला मजकूर बारीक टाइपात आहे आणि कुणालाही लागू पडेल असा आहे. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने सगळ्या विद्यार्थ्यांना ‘हे तुझं वर्णन’ म्हणून एकच मजकूर दिला होता. ते आपल्याला किती लागू पडतं याला त्यांनी पाचापैकी सरासरी ४.२६ गुण दिले. पुस्तिका बाजूला ठेवा, चित्र बघा.

माझ्या प्रश्नाला ‘पेल्यांचा अठ्ठा’ आला. रात्र आहे, लाल झग्यातला एक माणूस काठी घेऊन पाठमोरा डोंगराकडे निघालाय. पुढे आठ पेले रचलेले, खालच्या ओळीत पाच, वरच्या ओळीत तीन, आणि त्या तिनांमध्ये एका पेल्याची जागा रिकामी. मी बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत बसले. मग लक्षात आलं, एकही पेला कलंडलेला नाही. तो जातोय, पण मागे सगळं धड ठेवून जातोय. वॉर्ड सोडला की इतक्या वर्षांचं काम सांडून जाईल ही भीती मला होती, आणि ती मी तोवर कुणाकडे, स्वतःकडेसुद्धा, बोलले नव्हते. हे विश्वाने सांगितलं असं मी म्हणणार नाही. दुसरं कुठलं कार्ड आलं असतं तर कदाचित दुसरी भीती वर आली असती. पण भीतीला नाव मिळालं, त्यामुळे पुढचे प्रश्न नेमके विचारता आले. दुसऱ्या दिवशी कॉलेजात फोन करून विचारलं, विद्यार्थिनींना घेऊन मला आठवड्यातून किती वेळ वॉर्डात उभं राहता येईल? उत्तर ‘तीन दिवस, सकाळी’ असं आलं आणि मी होकार दिला.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. आजारपणाचे निर्णय यावर घेऊ नका. ऑपरेशनची संमती ‘अजून साइन आली नाही, सिस्टर’ म्हणून लांबवणारे नातेवाईक मी पाहिलेत. ती माणसं भोळी नसतात, घाबरलेली असतात, आणि त्यांच्याजवळ बसून कुणीतरी डॉक्टरांचं बोलणं पुन्हा समजावून सांगावं लागतं. ते काम ७८ कार्डांचं नाही. तसंच दुसऱ्या माणसाच्या मनात काय आहे हेही कार्डांना विचारू नका, त्या माणसालाच विचारा.

घेणार असाल तर सोबत एक वही ठेवा. कार्ड काढायच्या आधी प्रश्न पूर्ण वाक्यात लिहा, आणि कार्ड आवडलं नाही म्हणून त्याच प्रश्नासाठी पुन्हा पिसू नका. कार्डं चकचकीत कागदाची आहेत, दिव्याखाली चमकतात, चित्र तिरकं धरून बघावं लागतं. मॅट कागदावरचा संच मिळाला तर तोच घ्या.