लँड रजिस्ट्रीची सोल्ड प्राइस साइट: ब्रेक्झिटच्या गोंधळात घर घेताना वापरलेली (५ पैकी ४ स्टार)

आधीच सांगते, लँड रजिस्ट्री म्हणजे इथली घर-जमिनीची सरकारी नोंदणी, आणि तिची ही साइट दिसायलाही एकदम सरकारी आहे, फोटो नाहीत, नकाशा नाही, पण इंग्लंड आणि वेल्समधलं जवळजवळ प्रत्येक घर खरोखर कितीला विकलं गेलं याची १९९५ पासूनची यादी तिथे फुकट बघायला मिळते. पोस्टकोड टाका, रस्त्याचं नाव टाका, की आली लिस्ट. मांडणी अशी की टी म्हणजे टेरेस (दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत लागून असलेलं ओळीतलं घर), एस म्हणजे सेमी (एकाच बाजूने जोडलेलं), एफ म्हणजे फ्लॅट, आणि पुढच्या एका कॉलममध्ये परत एफ म्हणजे फ्रीहोल्ड (जमिनीसकट मालकी). मी पहिले दोन दिवस आमच्या रस्त्यावर एवढे फ्लॅट आहेत कुठे म्हणून डोकं खाजवत होते.

आम्ही हे सगळं वापरलं २०१६ च्या उन्हाळ्यात. लंडनच्या हॅरो भागात एक दोन बेडरूमचं टेरेस घर बघितलं होतं, मे महिन्यात ४,४०,००० पाउंडाची ऑफर मान्य झाली, आणि त्याच आठवड्यात चान्सलर, म्हणजे तेव्हाचे अर्थमंत्री, ऑस्बोर्न साहेब जपानमध्ये जाऊन बोलले की देश युरोपियन युनियनमधून बाहेर पडला तर घरांच्या किमती १० ते १८ टक्क्यांनी खाली असतील. झालं! त्यानंतर महिनाभर प्रत्येक पॉटलकमध्ये भाजी कोणी आणली यापेक्षा अठरा टक्क्यांचीच चर्चा. नवऱ्याचा एक मित्र तर मोबाईलवर कॅल्क्युलेटर काढून ४,४०,००० चे अठरा टक्के करून दाखवायचा, एकोणऐंशी हजार, आणि म्हणायचा थांबा रे, येड्यासारखं घेऊ नका. दुसरी एक मैत्रीण म्हणायची की ही निव्वळ भीती घालणं आहे. आणि भाड्याने राहणारी तरुण पोरं म्हणायची, पडू देत की किमती, आम्हाला कधी घर मिळणार मग?

कोणीच नीट वाचलं नव्हतं, मीपण नाही. ट्रेझरीचं, म्हणजे त्यांच्या अर्थखात्याचं, म्हणणं असं होतं की आत राहिलो असतो तर २०१८ पर्यंत जी किंमत झाली असती, तिच्यापेक्षा १० ते १८ टक्के कमी. आजच्या भावापेक्षा नाही. म्हणजे समजा दोन वर्षांत घर दहा टक्क्यांनी वाढणार असं धरलं असेल, तर त्यातला कमीतकमीचा आकडा खरा ठरूनही भाव जवळजवळ आहे तिथेच राहतो. पण "असती त्यापेक्षा" हे दोन शब्द टीव्हीवर कुठे टिकतात, दोन्ही बाजूंनी सोयीने गिळून टाकले.

२३ जूनला मतदान, २४ ला सकाळी निकाल, बाहेर पडू ५१.९ टक्के, राहू ४८.१. लंडनमध्ये जवळजवळ ६० टक्के लोकांनी राहू म्हटलेलं, त्यामुळे ट्रेनमध्ये सुतक. रात्री दीड डॉलरला गेलेला पाउंड सकाळी ३१ वर्षांच्या तळाला. नऊ वाजता एजंटचा फोन (नाव नको, कामापुरता बरा होता), की काळजी करू नका, मार्केट एकदम मजबूत आहे आणि हो, दुसरे एक खरेदीदार पण विचारतायत. काल ज्याचा घसा कोरडा पडला होता त्याच्याकडे आज दुसरे खरेदीदार!

तर त्या रात्री आम्ही साइट उघडून बसलो, आणि खरं सांगू, निकालाचा परिणाम काय यावर तिने एका अक्षराचंही उत्तर दिलं नाही. देणार कुठून, व्यवहार पूर्ण झाल्यावर सॉलिसिटर (वकील) नोंदणीला पाठवणार, मग ती यादीत येणार, दोन आठवडे ते दोन महिने सहज जातात, नवीन बांधकामाला त्याहून जास्त. जूनच्या शेवटी आमच्या रस्त्यावरची ताजी नोंद मार्चची होती. त्यात मार्चचे आकडेही सरळ नव्हते, कारण १ एप्रिल २०१६ पासून दुसऱ्या घरावर ३ टक्के जादा स्टॅम्प ड्यूटी लागली, म्हणून भाड्याने द्यायला घरं घेणाऱ्यांनी मार्चमध्ये झुंबड केली होती. आणि मग एप्रिल-मे मध्ये सामसूम दिसली की लोक म्हणणार बघा, ब्रेक्झिटने मार्केट बसलं.

पण एक गोष्ट कळली. दोन दारं सोडून तसंच टेरेस घर नोव्हेंबरमध्ये ४,२१,००० ला गेलं होतं, आणि समोरचं फेब्रुवारीत ४,३१,००० ला. एजंटने आम्हाला तुलनेसाठी दाखवलेल्या "कम्पॅरेबल" घरांमध्ये ही दोन्ही नव्हती, त्याने चार जाहिरातीतल्या किमती दाखवलेल्या, म्हणजे मालकांची स्वप्नं. मी दोन्ही नोंदी तारखेसकट ईमेलने पाठवल्या आणि ४,३२,००० म्हटलं. तीन दिवस कुरकुर झाली, मग मान्य. इथे एक्स्चेंज, म्हणजे सह्या केलेल्या करारांची अदलाबदल, होईपर्यंत कोणीच बांधील नसतं, पण ऑफर मान्य झाल्यावर भाव पाडण्याला इथे गझंडरिंग म्हणतात आणि लोक नाक मुरडतात. घर विकणाऱ्या आजी मुलीजवळ राहायला जाणार होत्या, एकट्या, मला अजूनही थोडं खटकतं. आठ हजार वाचले आणि स्टॅम्प ड्यूटी १२,००० ची ११,६०० झाली. (नोव्हेंबर २०१७ मध्ये पहिल्या घराला सवलत आली, तेव्हा घेतलं असतं तर त्यात अजून ५,००० वाचले असते. असो.)

आता तक्रारी. घर किती स्क्वेअर फूट, बेडरूम किती, किचन नवीन का पडकं, काही कळत नाही. ४,२१,००० वालं घर आतून मोडकळीला आलेलं असूही शकतं, मी काय बघायला गेले नव्हते. दुसरं, मालकी कोणाची ते रजिस्टर हवं असेल तर वेगळी फी, तेव्हा ३ पाउंड होती, आता ७ आहे. मी गूगलवर सगळ्यात वर आलेल्या साइटवर क्लिक केलं, तसाच निळा-पांढरा रंग, तसंच नाव, आणि २० पाउंडच्या वर कापून तोच कागद पाठवला. सरकारी पत्ता नीट बघून जा रे बाबांनो.

याच लोकांचा घरांच्या किमतींचा निर्देशांक, नवीन स्वरूपातला, पहिल्यांदा १४ जून २०१६ ला आला, म्हणजे मतदानाच्या नऊ दिवस आधी, मुहूर्त बघा. पुढची तीन वर्षं मी तो दर महिन्याला बघायचे, घर घेतल्यावर माणसाला ही खाज लागतेच. ऑगस्टमध्ये बँक ऑफ इंग्लंडने व्याजदर अर्ध्यावरून पाव टक्क्यावर आणला. देशभरातली वाढ मंदावली पण उणे झाली नाही. लंडन मात्र खरंच उतरलं, मे २०१९ चा आकडा पहिल्यांदा आला तेव्हा वर्षात ४.४ टक्के खाली. यावरून त्या कॅल्क्युलेटरवाल्या मित्राने लगेच मेसेज केला, सांगितलं होतं ना. पण लंडनमध्ये २०१४ पासून महाग घरांची स्टॅम्प ड्यूटी वाढलेली, २०१७ पासून भाड्याने घरं देणाऱ्या मालकांची कर्जाच्या व्याजावरची करसवलत कमी होत गेलेली, आणि पगाराच्या मानाने किमती आधीच आभाळाला, यातलं ब्रेक्झिटचं किती ते वेगळं काढून दाखव म्हटलं. उलट भारतातून पैसे आणणाऱ्यांना तर भाव न पडताही घर स्वस्त झालं होतं, शंभरीला टेकलेला पाउंड काही आठवड्यांत नव्वदीच्या खाली.

मतदानाच्या दिवशीच्या लॉर्ड अॅशक्रॉफ्ट (जनमत चाचण्या घेणारे एक राजकारणी) यांच्या पोलमध्ये एक गंमत होती, ज्यांचं घर कर्ज फिटून स्वतःचं झालंय त्यांचा कल बाहेर पडण्याकडे, आणि मॉर्गेजवाल्यांचा राहण्याकडे. अठरा टक्क्यांची भीती हप्ते भरणाऱ्यालाच लागणार, हे, कर्ज फिटलेले बहुतेक वयस्कर असतात हा भाग सोडला तरी, मला पटतं.

बाकी नोव्हेंबरमध्ये आमचं स्वतःचं घरही त्या यादीत आलं, टी, एफ, ४,३२,०००. नवऱ्याने कौतुकाने लिंक पुण्याला पाठवली. सासूबाईंनी आमच्याऐवजी शेजारची घरं बघितली आणि विचारलं, ते ४,२१ वालं का नाही घेतलंत?

२०२४ च्या जूनमध्ये, ४ जुलैच्या निवडणुकीआधी, ऑफिसमधल्या एका मुलाने विचारलं की ताई, निवडणूक होईपर्यंत थांबू का. मी त्याला हीच लिंक दिली. तो संध्याकाळी म्हणे, पण यात तर एप्रिलपर्यंतचंच आहे. म्हटलं हो, तेवढंच असतं.